जुन्या मुंबईच्या फोटोंत ढग का दिसत नाहीत?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी चॅप्टरच्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं. मुंबई आणि आसपासच्या भागात १८५५ ते १८६५ या काळात काढलेल्या फोटोंमध्ये आकाश जवळपास नेहमीच निरभ्र दिसतं, त्या अर्थी फोटोग्राफर मंडळी मुख्यतः हिवाळ्यात काम करत असावीत, असा त्याचा आशय. वाक्य वाचायला छान होतं. त्याच्या आधारावर पुढची साडेचार पानं मी आरामात लिहून टाकली होती: हिवाळ्यातला प्रवास, कोरडी हवा, वगैरे. गाईडनी ती पानं परत दिली तेव्हा समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते. "निरभ्र? कोरं?"

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून हे सुटलं असतं तर समजण्यासारखं होतं. माझ्याकडून सुटायला नको होतं, आणि ते मला अजून बोचतं. जे संशोधनाच्या तयारीत आहेत आणि पुढेमागे जुने फोटो पुरावा म्हणून वापरतील, त्यांच्यासाठी ही साडेचार पानं कशी कोसळली ते लिहून ठेवतोय.

आधी आजची गोष्ट. मार्च महिन्यात दुपारी भाईंदरच्या मिठागरांच्या बांधावर उभे राहा आणि फोनमधलं सगळं ऑटो बंद करून फोटो काढा. खाली मिठाचे पांढरेशुभ्र ढीग, मागे खाडी, पलीकडे कामणदुर्ग-तुंगारेश्वरच्या डोंगरांची निळसर रेघ, वर लख्ख आकाश. बांधावर काम करणाऱ्या माणसाचा चेहरा गमछ्याच्या सावलीत. चेहरा नीट यावा म्हणून एक्स्पोजर वाढवलं की आकाश आणि मीठ दोन्ही पांढरं फटक. आकाश सांभाळलं की माणूस काळा ठिक्कर. उन्हातलं आकाश आणि सावलीतला चेहरा यांच्यात तीन-चार स्टॉपचा फरक सहज असतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणजे चार स्टॉपला प्रकाश सोळा पट. कॅमेऱ्याच्या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक छोटी बादली समजा. बादली भरली की पुढचं पाणी वाहून जातं, आणि किती वाहून गेलं याची नोंद कुठेच राहत नाही. म्हणून पांढरं झालेलं आकाश नंतर कितीही एडिट केलं तरी परत येत नाही. काळोखातून थोडंफार काढता येतं, पांढऱ्यातून काहीच नाही. भर उन्हात फोटो काढणारे म्हणूनच आधी आकाश सांभाळतात आणि सावल्या नंतर उजळतात.

हे सगळं मला माहीत होतं. माझी चूक अशी झाली की १८५५ च्या कॅमेऱ्याचा प्रश्नही एवढाच असेल, फक्त थोडा अवघड, असं मी गृहीत धरलं. तो प्रश्न वेगळाच होता.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. गनकॉटन ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून बनवलेला चिकट द्रव काचेवर ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. मुंबईच्या उकाड्यात ईथर उडायला त्याहून कमी वेळ लागतो. त्याआधीची, कागदी निगेटिव्हची कॅलोटाइप पद्धत प्रवासाला सोयीची होती, कारण कागद आधी तयार करून नेता येई. पण एक्स्पोजर मिनिटांत मोजावं लागे.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे आणि माझं सगळं प्रकरण तिच्यावर उलटलं. साधी सिल्व्हर आयोडाइड-ब्रोमाइडची रसायनं निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश तेवढाच टिपतात. हिरव्याला ती जवळपास आंधळी, पिवळ्या-लाल रंगांना तर पूर्णच. लाल दिव्याच्या डार्करूममध्ये काम करता येतं ते याच कारणाने. आता आकाश निळं का असतं ते आठवा. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात, आणि विखुरण्याचं प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असतं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा सव्वाचार पटीहून जास्त विखुरतो. म्हणजे आकाश ज्या रंगात सगळ्यात जास्त उजळतं, नेमका तोच रंग त्या काचेला दिसत होता. निळं आकाश तिच्या लेखी पांढरं होतं. पांढरा ढगही पांढराच. पांढऱ्यावर पांढरं काढल्यावर काय दिसणार?

त्यामुळे त्या फोटोंतलं कोरं आकाश म्हणजे हवामानाचा रिपोर्ट नव्हे. ढग असतानाही आकाश कोरंच आलं असतं. माझी साडेचार पानं इथे संपली.

याचा पडताळा घरबसल्या घेता येतो, जरूर घ्या. दिवसा काढलेला कुठलाही रंगीत फोटो एखाद्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, लाल आणि हिरवा चॅनल बंद करा आणि फक्त निळा चॅनल काळ्यापांढऱ्यात बघा. मी मिठागराच्या फोटोवर हे केलं आणि थक्क झालो. आकाशातले विरळ ढग गायब. बांधावरची हिरवळ काळपट. तांबडी माती जवळजवळ काळी. आणि खाडीपलीकडचे डोंगर चक्क नाहीसे झाले! फोनचा सेन्सर अतिनील किरण अडवतो, त्यामुळे ही नक्कल सौम्यच म्हणायची. खऱ्या कलोडियनवर परिणाम याहून तीव्र होता. दूरच्या डोंगरावर जी निळसर धूसर छटा दिसते ती मधल्या हवेने विखुरलेल्या प्रकाशाची, आणि निळ्याला हपापलेली काच ती धूसरता कित्येक पटींनी वाढवते. म्हणून १८६० च्या एखाद्या फोटोत क्षितिजावर डोंगर दिसत नसतील तर 'हवा धुळकट होती' असं लिहायच्या आधी थांबा. तसंच पातळ वस्तूंचं. माडाच्या झावळ्यांची टोकं, गलबतांच्या डोलकाठ्यांचे दोर, झेंड्याचा बारीक खांब हे आकाशासमोर असले की बाजूचा अतिप्रकाश त्यांना खाऊन टाकतो. दोर फोटोत नाही म्हणजे गलबतावर नव्हता असं होत नाही.

आता मुंबईतली माणसं बघू, कारण ही अडचण त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळत होती. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची, आणि तिच्या पाठोपाठ ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. हिंदुस्थानातली पहिली. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था १८५६ च्या. मुंबईच्या संस्थेत साहेबांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. डॉक्टर लोक फोटोग्राफीकडे वळले यात मला तरी नवल वाटत नाही. कलोडियन त्या काळात जखमेवर लावायलाही वापरत, आणि ईथर, अल्कोहोल, सिल्व्हर नायट्रेट हाताळायची सवय डॉक्टरांशिवाय फार थोड्यांना होती. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. पुढे मुंबईत नावाजलेले फोटोग्राफर हरिश्चंद्र चिंतामण तिथलेच विद्यार्थी.

त्याच १८५५ साली कंपनी सरकारने जुन्या इमारतींची नोंद चित्रकारांऐवजी कॅमेऱ्याने करायचं ठरवलं आणि कॅप्टन थॉमस बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकलकडे धाडलं. त्याच्यानंतर ते काम डॉ. विल्यम पिगूकडे गेलं. हाही डॉक्टरच. दोघांचा भर कागदी निगेटिव्हवर. सरकारला हवं होतं ते कोरीवकाम, शिल्पं, शिलालेख. पिवळट-तांबूस वालुकाश्मातलं बदामीचं कोरीवकाम त्या रसायनांवर उमटायला भरपूर एक्स्पोजर लागणार, आणि तेवढ्या वेळात आकाश कधीच बादलीबाहेर वाहून गेलेलं असणार. आकाश वाया गेलं म्हणून कोणी तक्रार करणार नव्हतं. एक्स्पोजरचा निर्णय हा अखेर काय जपायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय असतो, आणि इथे तो सरकारी हुकमातच बसलेला होता.

पण सोडून दिलेलं आकाशही सरळ पांढरं येत नसे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. निगेटिव्हवर आकाशाचा भाग गडद काळा येतो, पण सगळीकडे सारखा नाही. कलोडियन ओतताना पडलेले ओघळ, धूळ, कागदाचे रेषे, बोटांचे ठसे हे सगळं नेमकं त्या सपाट भागात उठून दिसतं. छापल्यावर आकाश डागाळलेलं. मग काय करायचे? निगेटिव्हवरचा आकाशाचा भाग काळ्या शाईने रंगवून बंद करायचे किंवा कागद कापून चिकटवायचे. म्हणजे तुमच्यासमोरचं स्वच्छ पांढरं आकाश पुष्कळदा कॅमेऱ्याने टिपलेलं नसतंच, ते ब्रशने बनवलेलं असतं. ओळखायचं कसं? भिंगाने झाडाची कड बघा. झाडाचा शेंडा कात्रीने कापल्यासारखा गुळगुळीत असेल, पानांमधल्या फटींत राखाडी छटा आणि वर एकदम शुभ्र असेल, घुमटाभोवती बारीक काळी किंवा पांढरी किनार असेल, तर तिथे हात फिरलाय. हे मोठ्या स्कॅनमध्येच दिसतं. वेबसाइटवरच्या छोट्या जेपेगमध्ये दिसत नाही, आणि मी पहिलं वर्षभर जेपेगवरच काम केलं होतं.

स्कॅनवरून आणखी एक. त्या काळचे प्रिंट बहुतेक अल्ब्युमेन कागदावरचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे. हा कागद जुना झाला की पिवळा पडतो, आणि ते सगळ्यात आधी फिकट भागात दिसतं. आकाश फिकट, म्हणून आकाश मलईच्या रंगाचं होतं. माझ्या वहीत अशा काही फोटोंपुढे मी 'धुरकट हवा?' असं लिहून ठेवलं होतं. तो धूर दीडशे वर्षांच्या अंड्याचा होता.

काही जणांना कोरं आकाश सहन होत नव्हतं. लिनिअस ट्राइप हा कंपनीच्या मद्रास सैन्यातला अधिकारी, १८५५ मध्ये त्याने बर्मात आणि १८५७-५८ मध्ये मद्रास इलाख्यात फोटो काढले. कागदी निगेटिव्हवर रंग लावून त्याने ढग चक्क हाताने घातले. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राच्या काही फोटोंसाठी दोन निगेटिव्ह वापरल्या: एक पाण्यासाठी, जास्त एक्स्पोजरची, दुसरी ढगांसाठी, कमी एक्स्पोजरची. क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून छापायचं. लोक वेडे झाले ते फोटो बघून. नंतर अभ्यासकांच्या लक्षात आलं की एकच ढग त्याच्या वेगवेगळ्या फोटोंत येतात. सागर बदलला, आकाश तेच. आपला फोन आज पापणी लवते तेवढ्यात अनेक कमी-जास्त फ्रेम घेऊन एक फोटो जोडतो, तो याच युक्तीचा वारस. फरक इतकाच की ल ग्रेला जोड कुठे आहे ते माहीत होतं, आपल्याला फोन सांगत नाही.

मुंबईत ही जोडणी कोणी केली का? केली, आणि फार विचित्र कामासाठी. विल्यम जॉन्सन हा फोटोग्राफिक सोसायटीचा कार्यकर्ता. विल्यम हेंडरसनबरोबर त्याने १८५६ ते १८५८ या काळात 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचं मासिक चालवलं, त्यात खरे प्रिंट चिकटवलेले असत. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये त्याने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले, पहिला गुजरात, कच्छ, काठेवाडचा आणि दुसरा महाराष्ट्राचा. त्यांतल्या फोटोंत लोक मुंबईच्या एखाद्या ओळखीच्या जागेसमोर उभे दिसतात. प्रत्यक्षात ते तिथे उभे नव्हते. माणसं वेगळीकडे, काबूत ठेवलेल्या उजेडात टिपलेली. देखावा दुसऱ्या निगेटिव्हवरचा. दोन्ही मिळून एक प्रिंट.

एक्स्पोजरच्या अंगाने हे चोख आहे. सावळा चेहरा त्या रसायनांवर आणखी गडद यायचा, कारण त्वचेतून येणारा प्रकाश तांबूस-पिवळा असतो आणि काचेला तो दिसतच नाही. लाल पागोटं काळं, हळदीचा पिवळाही काळाच. असा माणूस भर उन्हात, पांढऱ्या आकाशासमोर उभा केला तर मागे काहीतरी शुभ्र आणि पुढे एक सावली एवढंच उरणार. दोन निगेटिव्हनी ही अडचण सुटते. पण केवळ तेवढ्यासाठी जॉन्सनने हे केलं असं मी म्हणणार नाही. जुनी माणसांची चित्रं हाताशी होती, ती नव्या पुस्तकात वापरायची होती, आणि 'हे लोक, ही त्यांची जागा' असं दाखवणारी मांडणी साहेबी वाचकाला आवडत होती. तांत्रिक सोय आणि वसाहतीची नजर इथे एकमेकींत अशी गुंतली आहेत की एक धागा ओढून दुसरा सुटा करणं कठीण. माझ्या ओळखीतल्या विज्ञानवाल्यांना सगळं रसायनाने समजावून द्यायची खोड असते, इतिहासवाल्यांना सगळं सत्तेने. मी दोन्हीकडे मार खाल्लाय.

जॉन्सनच्या जोडकामाच्या खुणा शोधायला सोप्या आहेत. पायाखाली सावली नसते, किंवा असली तर मागच्या इमारतीच्या सावलीशी जुळत नाही. आणि इथूनच माझ्या मूळ प्रश्नाला, म्हणजे फोटो कोणत्या मोसमातले या प्रश्नाला, दुसरा रस्ता मिळाला. आकाश खोटं बोलू शकतं, पण सावलीला भूमितीशी इमान राखावं लागतं.

मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. १५ मेच्या आसपास आणि पुन्हा २७ जुलैच्या आसपास दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या सहा महिन्यांत तो पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो. म्हणजे इमारतीची दिशा माहीत असेल आणि बरोबर उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर थेट ऊन पडलेलं दिसलं, तर तो फोटो या सहा महिन्यांतलाच. हिवाळ्यातला असूच शकत नाही. रसायन कुठलंही असो, आकाश रंगवलेलं असो वा नसो. चर्च, किल्ल्याची तटबंदी, सरकारी इमारती यांच्या दिशा आज गुगल अर्थवर मोजता येतात. उभ्या खांबाची सावली पूर्ण दिसत असेल तर सूर्याची उंचीही काढता येते. उंची आणि दिशा दोन्ही मिळाल्या की वर्षातल्या दोनच संभाव्य तारखा उरतात, एक उत्तरायणातली आणि एक दक्षिणायनातली. त्यातली कोणती ते ठरवायला दुसरा पुरावा लागतो.

तो पुरावा म्हणून मी आधी गवताकडे वळलो. आपल्याकडे आषाढात हिरवं, मार्चमध्ये वाळलेलं पिवळं, सोपं आहे की! नाही. हिरवं आणि पिवळं दोन्ही त्या काचेवर गडदच येतात. त्याच खड्ड्यात मी दुसऱ्यांदा पडता पडता वाचलो. गवताचा रंग उपयोगाचा नाही, उंची थोडीफार आहे. तलावातली पाण्याची पातळी त्याहून बरी. आणि हवामानच हवं असेल तर ते फोटोत शोधूच नये. कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासूनच्या नोंदी आहेत, तिकडे जावं.

ढग फोटोत नीट यायला लागले ते कधी? १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलला आढळलं की प्लेटमध्ये विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर ती हिरवा-पिवळा प्रकाशही टिपते. १९०६ मध्ये रॅटन अँड वेनराइट या इंग्रज कंपनीने सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आणल्या. मग लेन्सवर पिवळी काच लावून निळा प्रकाश कापता येऊ लागला, आकाश राखाडी झालं आणि ढग उठून दिसले. सिनेमाची फिल्म मात्र मागे राहिली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा वापरात असलेली फिल्म अजून लाल रंगाला आंधळीच होती. ते बाहेरचे प्रसंग पुन्हा बघाल तेव्हा झाडांच्या वरच्या पट्टीकडे लक्ष द्या.

मसुद्याचं म्हणाल तर साडेचार पानांच्या जागी आता सव्वा पान आहे. ज्या मोजक्या फोटोंत इमारतीची दिशा नक्की आहे आणि सावली स्वच्छ आहे तेवढ्यांबद्दलच त्यात लिहिलंय. त्यातल्या काहींत उत्तरेच्या भिंतीवर ऊन आहे. जॉन्सनच्या दुसऱ्या खंडाचं काम बाकी आहे. तिथे माणूस कोणत्या निगेटिव्हचा आणि देखावा कोणत्या, हे आधी पानोपान ठरवावं लागेल, सावल्या मोजायला त्यानंतरच बसता येईल.